निदान पूर्ण लिहिणे हीही रुग्णसेवाच

(शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील विशेषज्ञ डॉक्टरांच्या बैठकीत रोगनिदानाच्या नव्या संकेतप्रणालीविषयी एका स्थानिक चिकित्सकांनी केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. विषय डॉक्टरांचा असला तरी प्रत्येक कुटुंबाशी त्याचा निकटचा संबंध आहे.)



आजचा विषय ऐकायला रुक्ष आहे. 'आयसीडी' म्हणजे रोगांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण. प्रत्येक रोगाला, प्रत्येक दुखापतीला आणि मृत्यूच्या प्रत्येक कारणाला एक ठरावीक संकेतांक, आपल्या रोजच्या भाषेत 'कोड', देण्याची ही जगभर मान्य असलेली पद्धत आहे. तिची दहावी आवृत्ती १९९० साली संमत झाली. अकरावी आवृत्ती जागतिक आरोग्य सभेने मे २०१९ मध्ये स्वीकारली आणि १ जानेवारी २०२२ पासून ती अमलात आली. आपल्याकडील बराचसा व्यवहार अजून दहाव्या आवृत्तीवर चालतो. विमा नियामक प्राधिकरणाने २०१३ साली ठरवून दिलेल्या दावा-अर्जात रुग्णालयाने भरावयाच्या भागात दहाव्या आवृत्तीचा संकेतांक मागितलेला आहे. आयुष्मान भारत योजनेच्या २०२२ च्या सुधारित उपचार-यादीत मात्र अकराव्या आवृत्तीच्या अवलंबाची दिशा स्पष्ट झाली. म्हणजे आपण संक्रमणाच्या काळात आहोत, आणि तयारी करायची ती याच काळात.

आपल्यापैकी अनेकांच्या मनात काय चालले असेल, याची मला कल्पना आहे. दहा-पंधरा खाटांचे नर्सिंग होम, प्रशिक्षित कर्मचारी टिकत नाहीत, पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही, बाह्यरुग्णांची रांग दुपार उलटली तरी संपत नाही. त्यात हे आणखी एक लचांड कशाला? हा प्रश्न अनाठायी नाही. त्याचे उत्तर 'सरकार सांगते म्हणून' किंवा 'विमा कंपनी मागते म्हणून' एवढेच असते, तर आज सुट्टीच्या दिवशी आपल्याला येथे बोलावण्याचे धाडस मी केले नसते.

वर्गीकरणाची परंपरा आपलीही

रोगांची नीट विभागणी करून ती लिहून ठेवणे ही परदेशातून आलेली कल्पना आहे, असा एक समज आढळतो. आज वापरात असलेल्या यादीचे मूळ १८९३ साली फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ जाक बर्तिलाँ यांनी मांडलेल्या मृत्युकारणांच्या वर्गीकरणात आहे, हे खरे. परंतु त्याच्या हजार वर्षांहून अधिक काळ आधी माधवकरांनी केवळ रोगनिदानाला वाहिलेला स्वतंत्र ग्रंथ रचला होता. रोगाचे कारण, त्याची पूर्वलक्षणे, प्रत्यक्ष लक्षणे, कशाने उतार पडतो याची पारख आणि शरीरात रोग कसा घडत गेला याचा क्रम, या पाच अंगांनी रोग ओळखावा, अशी आयुर्वेदाची शिकवण आहे. 'ताप' एवढाच शब्द लिहून थांबणारा वैद्य त्या परंपरेत अपुरा ठरतो. अकरावी आवृत्ती आपल्याकडून जे मागते आहे, त्याचा गाभाही हाच आहे: निदान अर्धवट लिहू नका.

नोंद नाही, म्हणून मृत्यू नाही

अर्धवट निदानाची किंमत कोण मोजतो, ते सर्पदंशाच्या उदाहरणावरून पाहू. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही साप आपल्या परिसराला अपरिचित नाहीत. भारतात सर्पदंशाने किती माणसे दगावतात, याचे उत्तर अनेक वर्षे रुग्णालयांच्या अधिकृत आकड्यांवरून दिले जात असे. मग संशोधकांनी घरोघरी जाऊन, मृताच्या नातेवाइकांना विचारून देशभर पाहणी केली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात २००५ या एका वर्षातील मृत्यूंचा अंदाज सुमारे ४६,००० निघाला. रुग्णालयांच्या अधिकृत आकड्याच्या तो तीस पटींहून अधिक होता. त्यांपैकी ९७ टक्के मृत्यू ग्रामीण भागातील होते. पुढे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने २००० ते २०१९ या वीस वर्षांत सुमारे १२ लाख मृत्यू, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,००० मृत्यू झाल्याचा अंदाज मांडला.

मित्रहो, हे मृत्यू आधीही होतच होते. नव्हती ती फक्त नोंद. जे मोजले जात नाही त्यासाठी औषधाचा साठा मंजूर होत नाही, प्रशिक्षण होत नाही आणि रुग्णवाहिकाही मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत २०१७ साली स्थान दिले. भारत सरकारचा राष्ट्रीय कृती आराखडा मार्च २०२४ मध्ये आला आणि २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट त्यात ठेवले गेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने राज्यांना सर्पदंशाची नोंद अनिवार्य करण्यास सांगितले. एवढे सारे घडले ते खरा आकडा समोर आल्यानंतर.

आता असे समजा, की डोळखांबच्या पलीकडच्या एखाद्या पाड्यावर जमिनीवर झोपलेल्या तरुणाला मध्यरात्री मण्यार चावली. मण्यारीच्या दंशाची खूण बारीक असते, वेदनाही फारशी होत नाही. पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात, श्वास लागतो. दवाखान्यात आणेपर्यंत सारे संपलेले असते. अशा वेळी प्रमाणपत्रावर 'हृदय व श्वसनक्रिया बंद पडणे' असे लिहिले गेले, तर लिहिणारा खोटे बोलला असे म्हणता येणार नाही. पण मृत्यू कोणाचाही असो, शेवटी हृदय आणि श्वास बंद पडतातच. तो मृत्यूचा प्रकार झाला, कारण नव्हे. मृत्यूच्या कारणाच्या नमुना ४ मध्ये पहिल्या भागात कारणांची साखळी लिहावयाची असते. वरच्या ओळीत श्वसनाच्या स्नायूंचा पक्षाघात, त्याखालच्या ओळीत मण्यार दंशाची विषबाधा. आणि दंश कोठे, कसा झाला तेही स्पष्ट हवे. कारण अशा मृत्यूत मूळ कारण म्हणून मोजला जातो तो विषारी सापाशी आलेला संपर्क. दहाव्या आवृत्तीत त्याचा संकेतांक 'एक्स २०' आहे.

त्या संकेतांकाच्या पुढचा एक अंक मला फार बोलका वाटतो. 'एक्स २०.०' म्हणजे घरात झालेला दंश आणि 'एक्स २०.७' म्हणजे शेतावर झालेला दंश. घरात झोपेत दंश होत असतील तर त्या पाड्यांना खाटा आणि मच्छरदाण्या हव्यात. भातलावणी-कापणीत होत असतील तर गुडघ्यापर्यंतचे बूट हवेत. आपण लिहिलेला एक शब्द पुढच्या वर्षी कोणते साहित्य कोणत्या गावात जावे, हे ठरवू शकतो.

याला घरच्यांच्या दृष्टीनेही एक बाजू आहे. शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूनंतर कुटुंबाला साहाय्य देणाऱ्या गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या राज्य योजनेत सर्पदंश आणि विंचूदंश यांचा समावेश आहे. मृत्यूसाठी दोन लाख रुपयांची तरतूद आहे. परंतु कारण सिद्ध करणारी कागदपत्रे लागतात. डॉक्टरांच्या एका मोघम ओळीमुळे एखाद्या विधवेला महिनोन्महिने तहसील कार्यालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागणे, हे आपल्यापैकी कोणालाही आवडणार नाही.

'रक्त कमी आहे' एवढे पुरेसे नाही

दुसरे उदाहरण बालरोगतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ यांच्यासाठी. आदिवासी पाड्यांवरील फिकट चेहऱ्याचे मूल आले, की केसपेपरवर 'रक्तक्षय' असे लिहून लोहाचे औषध दिले जाते. संकेतांक लावायचा झाल्यास तो 'डी ६४.९', म्हणजे 'प्रकार न सांगितलेला रक्तक्षय'. पण त्याच मुलाचे हातपाय वारंवार दुखत असतील, मधूनच कावीळ दिसत असेल, तर सिकलसेलची तपासणी करावयास हवी. ती आढळल्यास संकेतांक 'डी ५७' या गटातला होतो, आणि त्यातही तीन वेगळ्या वाटा आहेत. तीव्र वेदनेच्या झटक्यासह आजार असेल तर ५७.०, झटका नसेल तर ५७.१ आणि केवळ वाहक असेल तर ५७.३. नव्या आवृत्तीत हाच गट '३ए५१' या नावाने आहे.

हा फरक कागदी नाही. आजार असलेल्या मुलाला आयुष्यभर देखरेख लागते. वाहक मात्र निरोगी जीवन जगतो. त्याला रुग्ण ठरवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याला हवा असतो तो विवाहापूर्वी योग्य सल्ला. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानाने २०४७ पर्यंत सिकलसेलच्या निर्मूलनाचे ध्येय आणि चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवले आहे. आपल्या खाजगी दवाखान्यात 'रक्तक्षय' या शब्दाखाली दडलेली मुले अशा अभियानाच्या हाती कशी लागणार?

पाण्यासारखाच रुग्णही वाहून जातो

तानसा आणि भातसा यांचे पाणी शहापूर तालुक्यातून मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात येथील माताभगिनींना हंडे घेऊन टँकरची वाट पाहावी लागते, हे आपण सारे जाणतो. रुग्णांचेही तसेच आहे. गंभीर रुग्ण येथून ठाण्याला, तेथून मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात जातो. कायद्यानुसार मृत्यूची नोंद मृत्यू जेथे घडला तेथे होते. टोकावड्याच्या किंवा कसाऱ्याच्या रुग्णाचा अंत मुंबईत झाला तर तो मुंबईच्या वहीत जातो. म्हणून आपण रुग्णासोबत पाठवतो त्या संदर्भ-चिठ्ठीला मोल आहे. 'पुढील उपचारासाठी रवाना' ही ओळ पुरेशी नाही. निदान, लक्षणे सुरू झाल्याची वेळ, दिलेले औषध आणि त्याची मात्रा, तसेच रुग्णाचे गाव व पाडा हे तिच्यावर असावे. पुढच्या डॉक्टरांच्या हाती तेवढा दुवा असला तर उपचारही वेगाने होतो आणि नोंदही खरी होते.

२०२० च्या अहवालानुसार देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी केवळ २२.५ टक्के मृत्यूंचे कारण वैद्यकीय प्रमाणपत्राने निश्चित झाले होते. म्हणजे प्रत्येक शंभरातील सत्त्याहत्तर मृत्यूंबाबत देशाला कारण सांगता आले नाही. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली असून १ ऑक्टोबर २०२३ पासून ती लागू आहे. कारणाचे प्रमाणपत्र निबंधकाला देणे आणि त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला देणे हे आता वैद्यकीय संस्थांचे कर्तव्य आहे. रुग्ण घरी दगावला आणि अखेरच्या आजारात आपण उपचार करीत होतो, तर नमुना ४ अ भरण्याची जबाबदारी आपलीच.

नवी आवृत्ती काय मागते?

अकराव्या आवृत्तीला घाबरण्याचे कारण नाही. दहाव्या आवृत्तीत बावीस प्रकरणे होती. आता सव्वीस मुख्य प्रकरणे आहेत आणि त्यांच्या जोडीला कार्यक्षमतेच्या मूल्यमापनाचा एक व पूरक संकेतांकांचा एक असे दोन विभाग आहेत. नव्या संकेतांकात दुसऱ्या स्थानी नेहमी अक्षर असते, आणि शून्य व एक या अंकांशी गल्लत होऊ नये म्हणून 'ओ' आणि 'आय' ही इंग्रजी अक्षरे वगळली आहेत. मूळ संकेतांकाला पूरक संकेतांक जोडून डावी-उजवी बाजू, तीव्रता, कारण असे तपशील सांगता येतात.

डेंग्यूचे उदाहरण घ्या. पूर्वी साधा डेंग्यू ताप आणि रक्तस्रावी डेंग्यू अशी विभागणी होती. आता धोक्याची लक्षणे नसलेला डेंग्यू '१डी२०', धोक्याची लक्षणे असलेला '१डी२१' आणि गंभीर डेंग्यू '१डी२२' अशी आहे. म्हणजे पोटातील तीव्र वेदना, सततच्या उलट्या, हिरड्यांतून रक्त येणे यांची नोंद केसपेपरवर नसेल, तर संकेतांक ठरणारच नाही. मेंदूचा झटका आता रक्ताभिसरणाच्या प्रकरणातून मज्जासंस्थेच्या प्रकरणात गेला आहे. फिजिशियन मंडळींनी जुन्या पानावर तो शोधत बसू नये.

अमेरिकेने आपल्या दहाव्या आवृत्तीचा वापर अनेकदा पुढे ढकलून अखेर १ ऑक्टोबर २०१५ रोजी सुरू केला. तेव्हा तेथील निदानाचे संकेतांक सुमारे चौदा हजारांवरून सुमारे एकोणसत्तर हजारांवर गेले. ते काम उभे करण्यात भारतीय तरुण-तरुणींचा मोठा वाटा आहे. परदेशी रुग्णाचा प्रत्येक तपशील आपली मुले येथे बसून अचूक लिहितात, आणि आपल्याच पाड्यावरील रुग्णाचे निदान एका शब्दात संपते. ही विसंगती दूर करणे आपल्या हातात आहे.

तयारी कोठून करावी?

पहिले काम संगणकाचे नाही. गेल्या तीन महिन्यांचे केसपेपर काढा आणि आपल्या दवाखान्यात वारंवार येणारी चाळीस-पन्नास निदाने वेगळी करा. विशेषज्ञाच्या व्यवसायात बहुतेक रुग्ण एवढ्यातच बसतात. साऱ्या ग्रंथाचे पाठांतर कोणी मागितलेले नाही.

दुसरे, प्रत्येक निदानापुढे दोन्ही आवृत्त्यांचे संकेतांक आणि 'हे लिहिल्याशिवाय संकेतांक ठरत नाही' असे तपशील एका तक्त्यात मांडा. अस्थिरोगतज्ज्ञांसाठी बाजू, हाडाचा भाग, जखम उघडी की बंद. स्त्रीरोगतज्ज्ञांसाठी गर्भावस्थेचे आठवडे. मधुमेहात प्रकार आणि गुंतागुंत. हा तक्ता टेबलाच्या काचेखाली ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेचे संकेतांक शोधण्याचे साधन विनामूल्य आहे. ठाण्या-कल्याणच्या फेरीत किंवा नेटवर्क असेल तेव्हा त्यावरून तक्ता तपासून घेता येतो.

तिसरे, निदान निश्चित नसेल तर लक्षण लिहा. 'कारण अनिश्चित असलेला ताप' यालाही संकेतांक आहे. अंदाजाने टायफॉइड लिहिण्यापेक्षा प्रामाणिक अनिश्चितता शास्त्रशुद्ध आहे.

चौथे, विज्ञान शाखेच्या एखाद्या स्थानिक पदवीधराला या कामात तयार करा. परंतु निदान डॉक्टरने लिहावे आणि संकेतांक साहाय्यकाने लावावा, ही मर्यादा पाळा. शंका असेल तर साहाय्यकाने विचारावे, तर्क लढवू नये. आठवड्यातून एकदा दहा केसपेपर एकत्र तपासले तरी सहा महिन्यांत हात बसतो. संक्रमणकाळात दोन्ही आवृत्त्यांचे संकेतांक शेजारी-शेजारी लिहावेत. जुने कागद नव्याने रंगवत बसण्याची गरज नाही.

आयुर्वेदाची स्वतंत्र जागा

आपल्या दोन्ही तालुक्यांत आयुर्वेदाचे पदवीधर मोठ्या निष्ठेने काम करीत आहेत. त्यांच्यासाठी आनंदाची बाब अशी, की अकराव्या आवृत्तीत पारंपरिक वैद्यकाचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि १० जानेवारी २०२४ रोजी नवी दिल्लीत आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांच्या निदानसंज्ञांचा विभाग त्यात प्रकाशित झाला. त्यामागे आयुष मंत्रालयाने २०१७ पासून 'नमस्ते' या पोर्टलवर उभे केलेल्या प्रमाण संज्ञांचे काम आहे. मात्र एक नियम ध्यानात ठेवावा. मृत्यूच्या कारणासाठी हे प्रकरण वापरता येत नाही, आणि रुग्णाच्या नोंदीत ते अन्य प्रकरणांच्या जोडीने वापरणे अपेक्षित आहे. आपल्या शास्त्राचा अभिमान खरा ठरायचा असेल तर त्याच्या नोंदीही तितक्याच काटेकोर हव्यात. एकाच लक्षणसमुच्चयाला पाच वैद्य पाच नावे देऊ लागले, तर जग काय तपासणार?

दोन पथ्ये

संकेतांकाच्या आडून आजार मोठा करून दाखवण्याचा मोह काही ठिकाणी होतो. योजनेचे पैसे अधिक मिळावेत म्हणून साध्या आजाराला गंभीर लिहिणे ही रुग्णाची आणि समाजाची फसवणूक आहे. उद्या त्या खोट्या नोंदीमुळे रुग्णाला विमा नाकारला गेला, तर त्याला जबाबदार कोण?

दुसरे पथ्य गोपनीयतेचे. गाव लहान असते, वार्ता वाऱ्यासारखी पसरते. क्षय, एचआयव्ही, मनोविकार, गर्भपात यांच्या नोंदी कोणाच्याही नजरेस पडतील अशा ठेवू नयेत. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झाला आहे; पण कायद्याआधी वैद्याचा धर्म आहे.

नागरिकांना आणि कार्यकर्त्यांना विनंती

डिस्चार्ज कार्ड घेताना त्यावर निदान पूर्ण आणि वाचता येईल असे लिहिले आहे का, हे नम्रपणे विचारा. तो आपला अधिकार आहे. ते कार्ड शिधापत्रिकेइतकेच जपून ठेवा. घरात मृत्यू ओढवला तर कारणाच्या प्रमाणपत्राची प्रत मागून घ्या. पाड्यांवर जाणाऱ्या कार्यकर्त्यांनी आशा सेविकांच्या मदतीने दोन गोष्टी करता येतील: सर्पदंश झाल्यास वेळ आणि ठिकाण लक्षात ठेवण्यास लोकांना शिकवावे, आणि वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबांचे उपचाराचे कागद एका प्लास्टिकच्या पिशवीत त्यांच्यासोबत राहतील असे पाहावे. ही कामे मोठी दिसत नाहीत; पण स्थलांतरात हरवलेला एक कागद पुढच्या गावच्या डॉक्टरला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला लावतो.

शेजारच्या रायगड जिल्ह्यात, महाडला राहून डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांच्या बारकाईने नोंदी ठेवल्या आणि प्राझोसिन हे औषध त्यावर उपयुक्त ठरते, हे जगापुढे मांडले. १९८२ साली त्यांचे निरीक्षण 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्याजवळ मोठी प्रयोगशाळा नव्हती. होती ती रुग्णाच्या उशाशी बसून पाहण्याची आणि पाहिलेले लिहून ठेवण्याची शिस्त. तीच शिस्त आज शहापूर-मुरबाडमध्ये हवी आहे. येत्या सोमवारी पहिला रुग्ण तपासून झाल्यावर केसपेपर बाजूला सारण्यापूर्वी निदानाच्या रकान्यात आणखी एक ओळ लिहा. तयारीचा आरंभ तेथूनच होईल.